नऊ श्वासांचं भाषण

इंग्लिश रायर जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचं खरं नाव श्रीपतराव. तंजावुरात आम्हां मराठी लोकांना सगळे रायर म्हणतात, आणि एका गल्लीत तीन रायर असले की पुढे काहीतरी जोडावं लागतं. आमच्या गल्लीत एक बँक रायर होते, एक शुगर रायर होते, आणि हे इंग्लिश रायर. मी त्यांना नुसतं राव म्हणायची. ते मला अक्का म्हणायचे. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी.

आमच्या दोन घरांची भिंत एक. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला तोंड होतं. रोज दुपारी चार वाजता त्या भिंतीतून एक गोरा माणूस बोलायला लागे.

गोऱ्या साहेबाला आमच्याकडे दुरै म्हणतात. हा दुरै विलायतेतला मोठा नट. एका जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमात त्याने म्हाताऱ्या राजाचं काम केलं होतं. नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, विलायतेच्या सगळ्यात मोठ्या नाटककाराचं. त्या नाटककाराचं नाव मला ठाऊक नाही असं नाही. पण मी ते उच्चारलं की राव डोळे मिटून घेत, दाढ दुखावी तसे. दोन-तीनदा त्यांनी माझा उच्चार सुधारला, मग मी ते नाव टाकूनच दिलं. नट म्हणजे दुरै, आणि नाटककार म्हणजे 'त्यांचा तो'. मी अजून तसंच म्हणते.

राव पापनाशमच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत. तीस वर्षं सकाळच्या पॅसेंजरने गेले आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने आले. शाळेत मारकुटे नव्हते, लाडकेही नव्हते. त्यांचा एक जुना विद्यार्थी मला बाजारात भेटला होता. तो म्हणाला, "सर वर्गात खिडकीकडे बघून बोलायचे. आम्ही मागे गोट्या खेळायचो, त्यांना कळायचं नाही." मी हे रावांना सांगितलं. ते म्हणाले, "कळायचं. पण मी भाषणाच्या मध्यावर असायचो. मध्ये कसं थांबणार?"

ते भाषण त्याच दुरैचं. राव एकोणीस वर्षांचे असताना त्रिचीच्या कॉलेजात एकदा तो सिनेमा पांढरी चादर बांधून दाखवला होता. बसायला जागा नव्हती, म्हणून हे मागे भिंतीला टेकून उभे. राजा घराबाहेर पडून वादळात उभा राहून बोलतो, तेवढा भाग झाला आणि ह्यांना पुढचं काही दिसेना. सिनेमा संपला, लोक गेले, चादर सोडली, तरी हे भिंतीलाच. तंजावूरची शेवटची बस चुकली. दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा वडिलांनी विचारलं, "कुठे होतास?" हे म्हणाले, "पावसात." त्रिचीत तेव्हा उन्हाळा चालू होता. वडिलांनी एक ठेवून दिली. मीही ठेवून दिली असती.

त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं तो सिनेमा त्यांना परत दिसला नाही. नुसत्या आठवणीवर ते भाषण बोलत राहिले. वर्गात मुलांपुढे, गाडीच्या खिडकीतून भाताच्या खाचरांपुढे. निवृत्त झाल्यावर एका विद्यार्थ्याने परदेशातून त्या सिनेमाची डिस्क पाठवली. राव ती घेऊन घरात बसले आणि अर्ध्या तासाने माझ्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन टेकले. तोंड उतरलेलं.

"काय झालं? खराब निघाली का?"

"नऊ आहेत, अक्का."

"काय नऊ?"

"श्वास. त्या भाषणात दुरै नऊ वेळा श्वास घेतो. मी इतकी वर्षं आठच घेत होतो. एक मी गिळून बसलो होतो."

मी म्हटलं, "मग आता घ्या." दुसरं काय म्हणणार?

ते माणूस म्हणून कसे होते हे सांगायचं तर त्यांची चारची वेळ सांगावी लागेल. पावणेचारला मिठाच्या पाण्याने गुळण्या. बोलणार दुरै, गुळण्या ह्यांच्या. मग धुवट सदरा, सगळी बटणं लावून. मग एक पातळ वही आणि लाल पेन्सिल. मग संगणकावर टॉवेल. हो, टॉवेल. चित्र बघायचं नाही. "चित्र चुगली करतं," म्हणायचे. "तोंड वाकडं झालं की कोणालाही कळतं, माणूस रडतोय. आवाजातून कळलं पाहिजे." वहीत भाषण लिहिलेलं होतं, आणि दुरै जिथे श्वास घेतो तिथे तांबडी रेघ. छोटा श्वास, छोटी रेघ. शब्दांचं त्यांना एवढं कौतुक नव्हतं. म्हणायचे, "शब्द नाटककाराचे आहेत. पुस्तकात सगळ्यांना फुकट मिळतात. श्वास ह्याचे आहेत."

त्यांची बायको सावित्री चांगली होती. तिला हे सगळं आवडत नसे, पण भांडायची नाही. एवढंच म्हणायची, "तुमचा दुरै मेला की माझ्याशी बोला." दुरै कधीच मेला होता, तिला माहीत नव्हतं. आणि मग तीच आधी गेली. तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी चार वाजता भिंतीतून दुरै बोलायला लागला. गल्लीतल्या बायकांनी नावं ठेवली. मी ठेवली नाहीत. माझा नवरा गेला तेव्हा मी चौदाव्या दिवशी इडलीचं पीठ वाटायला बसले होते. ज्याला जे येतं ते तो करतो.

सावित्री गेल्यावर मी कधी आमटी, कधी भाजी नेऊन द्यायची. एकदा चारला पाच मिनिटं कमी असताना गेले. मला म्हणाले, "अक्का, तुम्हाला इंग्रजी येत नाही ना?"

"पाचवी शिकले आहे. ते तुम्हाला माहीत आहे. टोचता कशाला?"

"टोचत नाही. बसा. एक ऐका आणि मला सांगा, हा माणूस काय म्हणतोय."

मी बसले. टॉवेलाखालून दुरै बोलला. मी म्हटलं, "ह्याच्या पोटात दुखतंय."

राव इतके हसले की चष्मा काढावा लागला. मग रागावले. "नीट ऐका!" पुन्हा लावलं. ह्या वेळी मी डोळे मिटले. मग म्हटलं, "ह्याला घरातून बाहेर काढलंय. घरच्यांनीच. आणि चूक ह्याची आहे."

राव हलेनात. "चूक ह्याची आहे, हे कसं कळलं?"

"चूक नसलेला माणूस एवढ्या मोठ्याने ओरडत नाही."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तारीख घातली. तेव्हापासून माझी परीक्षा सुरू झाली. आठवड्यातून दोन-तीनदा भिंतीवर टकटक व्हायची, मी जायची, दुरै बोलायचा, राव मधेच विचारायचे, "आता काय म्हणतोय?" मी सांगायची. "आता घाबरलाय." "आता खोटं बोलतोय, स्वतःशीच." "आता त्याला कोणाचं तरी वाईट वाटतंय, पहिल्यांदाच." राव म्हणायचे, हाच पुरावा. भाषा न येणाऱ्या बाईला कळतं, म्हणजे नट मोठा. मी म्हणायची, म्हणजे बाई हुशार. ते त्यांनी कधी लिहून घेतलं नाही.

एकदा त्यांनी पिळ्ळैंना आणलं. पिळ्ळै म्हणजे देवळात नादस्वर वाजवणारे म्हातारे, दात नसलेले, पण फुंक अजून शाबूत. त्यांनाही इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी मांडीवर बोटं मोजत सगळं ऐकलं. मग तमिळमध्ये म्हणाले, "रायर, हा माणूस बेंबीखालून श्वास आणतो. छातीतून आणणारे खूप असतात." पुढे म्हणाले, "चौथ्या जागी त्याने श्वास घेतला नाही, चोरला. असं चोरायला मला वीस वर्षं लागली. हा आमच्यात जन्मला असता तर उत्सवात देवाच्या पुढे चालला असता." राव उठले आणि त्यांनी पिळ्ळैंना वाकून नमस्कार केला. पिळ्ळै घाबरले, कारण रायर लोक त्यांना नमस्कार करत नाहीत. मला विचाराल तर रावांना आयुष्यात भेटलेला त्यांच्या जातीचा तो एकच माणूस. दोन महिन्यांनी पिळ्ळै वारले. राव स्मशानापर्यंत चालत गेले.

बाकी त्यांच्याकडे कोणी येत नसे. मुलगी उषा मद्रासला. रविवारी फोन करायची. "अप्पा, जेवलात? औषध घेतलं?" राव "हो, हो" म्हणत. त्या फोनला पाच मिनिटंही लागत नसत.

मग दुरैचा आवाज मोठा होत गेला. आधी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येई, मग परसात, मग रस्त्यावर. शुगर रायरांनी तक्रार केली. राव म्हणाले, डिस्क झिजलीय. नवा स्पीकर आणला, करंटवर चालणारा, उशीएवढा. तरी तेच. मला कळायला हवं होतं. माझ्या सासऱ्यांचे कान असेच गेले होते, तेही म्हणायचे सगळे लोक हल्ली पुटपुटतात. शेवटी उषा आली आणि कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही कानांत मशीन आलं.

मशीनमधून माझं बोलणं त्यांना कळे. भाजीवाल्याचं कळे. मी विचारलं, "आणि दुरै?"

"येतो," राव म्हणाले. एवढंच.

परीक्षा मात्र वाढली. आता रोज टकटक. राव माझ्या समोर बसत, पूर्वी शेजारी बसत. दर दोन मिनिटांनी, "आता काय म्हणतोय, अक्का?" मी सांगे, ते मान हलवत, वहीत बोट पुढे सरकवत. मला वाटलं म्हातारपणी माणूस जास्त खोलात शिरतो. आपण शहाणे आहोत असं वाटलं की माणूस मूर्ख होतो, तसं माझं झालं.

मार्गळी महिन्यातली गोष्ट. थंडी होती, पंखा बंद होता. भाषण सुरू झालं आणि करंट गेला. संगणक बॅटरीवर चालूच, पण स्पीकर बंद. खोलीत आवाज नाही. मी गप्प बसले, आता राव उठतील म्हणून. राव उठले नाहीत. डोळे माझ्या तोंडावर, बोट वहीवर, मान हळूहळू हलतेय. रस्त्यावर एक मोपेड गेली. मग त्यांनी विचारलं, "आता काय म्हणतोय?"

तेव्हा मला कळलं. परीक्षा केव्हाच संपली होती. दुरै कुठपर्यंत आला हे ते माझ्या उत्तरांवरून ओळखत होते. किती महिने, देव जाणे.

मी काहीतरी ठोकून द्यायला हवं होतं. 'घाबरलाय' म्हटलं असतं तर चाललं असतं. पण मला ते जमत नाही. मी म्हटलं, "राव, करंट गेलाय. केव्हाचा गेलाय."

त्यांनी वही मिटली. मशीन कानांतून काढून टेबलावर ठेवलं, दोन्ही. आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी घरी आले.

आठ दिवस भिंत गप्प. चार वाजायचे आणि काहीच व्हायचं नाही. मी एकटी बाई आहे, शांतता मला नवी नाही. पण ही निराळी होती. शेजारी कोणी नाही म्हणून असलेली शांतता वेगळी, आणि शेजारी माणूस आहे तरी असलेली वेगळी.

नवव्या दिवशी मी टकटक न होता गेले. राव सदऱ्याची बटणं न लावता बसले होते. मी मशीन उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी घातलं.

"अजिबात येत नाही का तो?" मी विचारलं.

"शब्द येतात. डब्यात डास अडकावा तसे. माणूस येत नाही."

"मग टॉवेल काढा आणि बघा. सगळं जग बघतं."

"त्या दिवशी रात्री काढला होता," ते म्हणाले. "अक्का, तो किती म्हातारा दिसतो हो. दाढी चिकटवलेली आहे, तेसुद्धा दिसतं. मला तो नको. मला ते नऊ पाहिजेत." मग म्हणाले, "मी बोलून बघितलं. पण मी बोललो की माझाच आवाज डोक्यात घुमतो. पुन्हा आठ होतात."

मी त्यांच्या समोरची खुर्ची ओढली. "वही काढा," म्हटलं. आणि बोलायला लागले.

मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, अजून कळत नाही. पण भिंतीतून आणि टॉवेलाखालून मी ते बारा वर्षं ऐकलं होतं. माझी आई रोज स्तोत्र म्हणायची, तिला संस्कृत येत होतं असं थोडंच आहे? जसं कानात होतं तसं मी बाहेर काढलं. राव माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. खांद्यांकडे बघत होते, गळ्याकडे बघत होते. श्वास दिसतो. आवाज दिसत नाही, श्वास दिसतो.

संपल्यावर मी दमले. राव म्हणाले, "पाचवा चुकला. तुम्ही भिऊन घेतलात. दुरै रागाने घेतो. पुन्हा."

आभार नाही, काही नाही. मी म्हटलं, "पाणी तरी पिऊ द्या." त्यांनी उठून स्वतः पाणी आणलं आणि सदऱ्याची बटणं लावली.

त्यानंतर सहा महिने रोज चार वाजता मी दुरै झाले. चौथा श्वास चोरायला मला दीड महिना लागला. तो जमला त्या दिवशी राव म्हणाले, "आवाज तुमचा कावळ्याचा आहे, अक्का. पण श्वास त्याचा." दुसऱ्या कोणी कावळा म्हटलं असतं तर मी त्याच्या दारात पुन्हा पाय ठेवला नसता.

मग राव न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण उषा धावत आली. ह्या वेळी ती त्यांना घेऊन जायलाच आली होती. ती चुकीची नव्हती. मला म्हणाली, "मामी, इथे एकटे राहिले तर एक दिवस पडून मरतील."

"आणि तिथे गप्प बसून," मी म्हटलं.

"असं बोलू नका ना, मामी."

"मग काय बोलू? तू कामावर जाणार. चार वाजता त्यांच्या समोर कोण बसणार?"

तिने विचारलं, चार वाजता काय असतं? तिला माहीतच नव्हतं. मी सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तिचा प्रश्न. मग ती म्हणाली, "मी शिकते. संध्याकाळी घरी आल्यावर बोलून दाखवीन. मला इंग्रजी येतं, सोपं जाईल."

दोन दिवस मी तिला शिकवलं. पाचवी शिकलेल्या बाईने एम. ए. झालेल्या बाईला इंग्रजी भाषण शिकवलं. पण तिला इंग्रजी येत होतं हीच अडचण. शब्दाचा अर्थ दिसला की ती अर्थ बोलायची, वाक्य संपलं की श्वास घ्यायची. दुरै वाक्य संपल्यावर श्वास घेत नाही, वाक्याच्या पोटात घेतो. तिसऱ्या दिवशी तिने अप्पांच्या समोर बसून सगळं भाषण म्हणून दाखवलं. राव वही न उघडता ऐकत होते. संपल्यावर त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "छान."

मला ते सहा महिन्यांत एकदाही छान म्हणाले नव्हते. उषाचा चेहरा फुलला. मी रावांकडे बघितलं, रावांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुलीबरोबर जायचं त्यांनी त्या क्षणी ठरवलं, आणि काय सोडून जायचं तेही.

मद्रासच्या दिवसाच्या गाडीची तिकिटं काढली होती. मी स्टेशनवर गेले. मी कोणाला पोचवायला जात नाही, पण गेले. गाडी थंड डब्याची, खिडक्या काचेच्या, उघडत नाहीत. उषा सामान लावत होती. राव खिडकीशी बसले. मी फलाटावर. त्यांनी कानांतलं मशीन काढून खिशात टाकलेलं मला दिसलं. गाडीचा गोंगाट सहन होत नसेल. मी काचेवर टकटक केली. त्यांना ऐकू गेलं नाही, पण बोटं दिसली. त्यांनी वर बघितलं.

मग त्यांचे ओठ हलायला लागले. आधी मला वाटलं निरोप घेतायत. मी ओरडले, "काय म्हणताय?" काच जाड. मला काही ऐकू येत नव्हतं. मग त्यांचे खांदे वर आले आणि मला कळलं. तो पहिला होता. मी खांद्यांकडे बघत राहिले. दुसरा, तिसरा. चौथा त्यांनी असा चोरला की मी लक्ष दिलं नसतं तर सुटला असता. पाचवा रागाने. उषा त्यांना काहीतरी विचारत होती, त्यांनी लक्ष दिलं नाही. सहावा. सातवा त्यांनी घेतला आणि गाडी हलली.

मी गाडीबरोबर चालले नाही. गुडघे चालत नाहीत माझे. त्यानंतर राव मला दिसले नाहीत. चार महिन्यांनी उषाचा फोन आला.

राहिलेले दोन मी फलाटावर उभी राहून घेतले. शेजारच्या हमालाला वाटलं म्हातारीला धाप लागली. त्याने विचारलं, "पाणी आणू का, अम्मा?"